पांडुरोग आणि लोहाची सुई

लोखंड ही वस्तु शेतकऱ्याच्या घरीं कोणास अपरिचित नाहीं. विळा, कोयता, कुदळ, नांगराचा फाळ, चुलीवरचा तवा, सारें लोखंडाचेंच. परंतु हीं आउतें चालविणाऱ्या माणसाच्या शरीरांतही लोखंड असतें, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. निरोगी प्रौढ माणसाच्या अंगांत तें सुमारें ३ ते ४ ग्रॅम भरतें. म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याइतकें. त्यांतील मोठा वांटा रक्ताच्या तांबड्या पेशींत, हिमोग्लोबिन नांवाच्या द्रव्यांत गुंतलेला असतो. फुप्फुसांतील हवेंतून प्राणवायु उचलावयाचा आणि तो मस्तकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोंचवावयाचा, हें त्या द्रव्याचें काम. तें कमी पडलें कीं डोळ्यांची खालची पापणी व नखें पांढुरकीं दिसूं लागतात, चार पावलें चढ चढतां धाप लागते, छातींत धडधड होते, आणि कामांत हात चालेनासा होतो. या विकारास जुन्या वैद्यांनीं पांडुरोग म्हटलें, सरकारी कागदांत त्यास रक्तक्षय म्हणतात, आणि रुग्णालयांत ॲनिमिया. लोहाचा व या रोगाचा कांहीं संबंध आहे हें आपल्याकडे पूर्वींपासून ठाऊक होतें. लोहभस्म आणि मंडूर हीं औषधें त्याचीच साक्ष देतात.

हा रोग किती पसरलेला आहे? २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांचें रक्त कमी आढळलें. साऱ्या देशाचा आंकडा शेंकडा ५७ आहे. म्हणजे पाणवठ्यावर चार बायका जमल्या तर त्यांतील दोघी फिकट, असा हा हिशेब.

पौड हें मुळशी तालुक्याचें ठाणें. पुण्याहून पश्चिमेस निघालें कीं मुळेच्या खोऱ्यांत हें गांव लागतें. येथून पुढें ताम्हिणी घाटापर्यंत डोंगर, भातखाचरें, आणि ज्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापटांनीं सत्याग्रह मांडला त्या धरणाचें अफाट पाणी. या भागांत पावसाळा म्हणजे लावणीचा हंगाम. खाचरांतील चिखलांत अनवाणी उभें राहून, कंबरेंत वांकून दिवसभर रोपें लावावयाचीं, हें काम बहुतांशीं बायकांचें. त्यांतच कोणाचा सहावा महिना असतो, कोणाचा आठवा. अशा चिखलांतून अंकुशकृमि पायाच्या कातडीवाटे शरीरांत शिरतात, आंतड्यांत ठाण मांडतात आणि रक्त शोषूं लागतात. पोटांत वाढणारें मूल आपल्या वांट्याचें लोह आईकडून घेतच असतें. दोन बाळंतपणांत अंतर थोडें असेल तर पहिल्या वेळची तूट भरून निघण्याआधींच दुसरी मागणी उभी राहते.

तूट राहिली तर काय होतें? प्रसूतीच्या वेळीं कांहीं रक्त जाणें स्वाभाविक आहे. सशक्त बाईचें अर्धा लिटर रक्त गेलें तरी ती सांवरते. ज्या बाईचें रक्त मुळांतच पातळ, तिला तितकेंच रक्तजाणें प्राणावर बेततें. आणि घाटाच्या पायथ्याच्या वाडीवरून रुग्णालय गांठण्यास जो वेळ लागतो तो रक्त थांबून राहत नाहीं. म्हणून ही तूट प्रसूतीच्या पूर्वींच, आणि तीही वेळेवर, भरून काढावी लागते.

येथें सुईचा प्रश्न येतो. खेडोपाडीं असा एक दृढ समज आहे कीं, गोळी म्हणजे हलकें औषध आणि सुई म्हणजे भारी. आशाताईंनीं लोहाच्या तांबड्या गोळ्या आणून दिल्या तर त्या फडताळांत पडून राहतात. कारण त्यांनीं मळमळ होते, पोट जड होतें, शौचास काळें होतें. मग सासूबाई म्हणतात, “गोळ्या नकोत, डॉक्टरसाहेब, एक रक्त वाढायची सुई द्या, नाहीं तर ताकदीची बाटली तरी लावा.” असे मागणारे पुष्कळ, आणि मागेल तें टोचणारेही कोठें कोठें भेटतात. वस्तुतः नुसत्या मिठाच्या वा साखरेच्या पाण्याच्या बाटलींत रक्त वाढविणारें कांहींच नसतें. आणि ज्या सुईंत खरोखर लोह असतें तिचे नियम इतके कडक आहेत कीं, ती कोणीं, कोणास, कोठें आणि किती द्यावी हें जाणल्यावांचून तिला हात लावूं नये.

पांडुरोग एक नसून अनेक आहेत, ही गोष्ट आपल्याच मुंबईंत फार स्पष्टपणें सिद्ध झाली. ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणीं एक भयंकर पांडुरोग जडे आणि त्यांत कित्येक दगावत. त्याचें कारण शोधण्याचें काम या बाईंनीं परळच्या हाफकिन संस्थेंत आरंभिलें. त्यांनीं या बायकांच्या आहाराची बारकाईनें चौकशी केली, तसाच निकस आहार जनावरांना देऊन पाहिला, आणि शेवटीं यीस्टचा अर्क, जो विलायतेंत मार्माइट या नांवानें पावाला लावून खातात, तो रोग्यांस दिला. गुण आला. १९३१ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. त्या काळीं यकृताच्या अर्काची सुई हें पांडुरोगावरचें मोठें औषध मानलें जाई. मायनॉट व मर्फी यांनीं १९२६ सालीं यकृत खाऊं घालून रोगी बरे करून दाखविले होते आणि त्याबद्दल त्यांना व व्हिपल यांना १९३४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण मुंबईच्या बायकांवर असें दिसून आलें कीं, जो फार शुद्ध केलेला यकृतार्क टोचल्यानें पाश्चात्त्य देशांतील तो पांडुरोग बरा होई, तोच अर्क येथें निरुपयोगी ठरे. आणि ओबडधोबड, कमी शुद्ध केलेल्या अर्कानें मात्र रोगी सुधारे! याचा अर्थ उघड होता. चेहऱ्यावरचा फिकेपणा सारखा असला तरी आंतील उणीव निराळी होती, आणि जें हवें होतें तें शुद्ध करण्याच्या भरांत काढून टाकलें जात होतें.

तें द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें व पानाला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्यास हें नांव मिळालें. आणि १९४५ सालीं अमेरिकेंत, आंध्रांत जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या देखरेखीखालीं काम करणाऱ्या मंडळींनीं तें कृत्रिम रीतीनें तयार केलें. यकृतांतील दुसरें द्रव्य, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ सालीं हातीं लागलें. आज गरोदर बाईला मिळणाऱ्या तांबड्या गोळींत लोहाबरोबर फॉलिक आम्ल असतें, त्यामागें परळच्या त्या गिरणकामगार बायकांचा इतिहास आहे. मुळशी-मावळांतून मुंबईस डबे वाहण्याच्या धंद्यासाठीं गेलेल्या कुटुंबांत परळचें नांव नित्याचें. परंतु हा इतिहास तेथेंही फारसा कोणी सांगत नाहीं.

तेव्हां सुई मागण्यापूर्वीं पहिला प्रश्न हा कीं, उणीव कशाची आहे? लोहाची असेल तर रक्ताच्या पेशी लहान व फिक्या होतात. फॉलिक आम्लाची किंवा ब-१२ ची असेल तर त्या वाजवीपेक्षां मोठ्या होतात. ब-१२ मुख्यतः दूध, अंडीं, मांस, मासे यांतून मिळतें. म्हणून ज्या माळकरी घरांत मांसाशन वर्ज्य आहे आणि गरिबीमुळें दूधही बेताचेंच, तेथें त्याचा तुटवडा पडण्याचा संभव अधिक. यांत हातापायांस मुंग्या येतात, पाय बधिर होतात. अशा रोग्यास नुसतें फॉलिक आम्ल दिलें तर रक्त सुधारल्यासारखें दिसतें, पण मज्जातंतूंची हानि आंतल्या आंत चालूंच राहते. त्याला ब-१२ ची सुई स्नायूंत द्यावी लागते. तिसरा प्रकार जन्मजात. थॅलेसेमिया व सिकलसेल या विकारांत रक्त कमी असतें खरें, तरी शरीरांत लोह पुष्कळदां पुरेसें, किंबहुना जास्तच असतें. विदर्भांत आणि नंदुरबारकडे सिकलसेल बरेंच आढळतें. तेथील कुटुंबें आतां कामधंद्यानिमित्त पुण्याच्या आसपास येतात, तेव्हां मुळशींतही हा प्रश्न विचारणें अवश्य आहे. अशा माणसास कारण न पाहतां लोहाची सुई देणें म्हणजे भरल्या कोठारांत आणखी पोतीं कोंबण्यासारखें आहे.

कारण लोहाची एक विचित्र गोष्ट अशी कीं, तें शरीरांत घेण्याची वाट आहे, पण बाहेर टाकण्याची वाट जवळजवळ नाहीं. रोज एखादा मिलिग्रॅम झिजून जातो, तेवढाच. तोंडानें गोळी घेतली तर आंतडें द्वारपाळाप्रमाणें उभें असतें. गरज असेल तितकें लोह आंत घेतें, उरलेलें सोडून देतें. शौचाचा काळा रंग तो याच उरलेल्या लोहाचा. त्यांत भिण्याजोगें कांहीं नाहीं. सुईनें मात्र हा द्वारपाळ ओलांडला जातो. जें टोचलें तें सर्व आंत राहिलें. चूक झाली तर ती परत काढून घेतां येत नाहीं.

दुसरी अडचण अशी कीं, मोकळें लोह रक्तांत सोडलें तर तें विषासारखें काम करतें. म्हणून तें साखरेच्या जातीच्या पदार्थांत गुंडाळून देण्याची युक्ति निघाली. १९४७ सालीं निसिम यांनीं शर्करायुक्त लोह शिरेंतून देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १९५४ च्या सुमारास डेक्स्ट्रानयुक्त लोहाची कुल्ल्यांत द्यावयाची सुई आली. ती फार दुखे, तिनें कातडीवर डाग पडत, आणि कधीं कधीं जिवावरची प्रतिक्रियाही होई. हल्लीं आपल्या रुग्णालयांत जीं औषधें मुख्यतः वापरतात त्यांचीं नांवें आयर्न सुक्रोज आणि फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज. दोन्ही शिरेंतूनच द्यावयाचीं. संक्रांतीचा कांटेरी हलवा सर्वांनीं पाहिला आहे: आंत तिळाचा दाणा, वर साखरेचें कवच. या औषधांची रचना कांहींशी तशीच आहे. आंत लोहाचा कण, बाहेर शर्करेचें आवरण. आवरण हळूहळू सुटतें, लोह थोडें थोडें बाहेर येतें, आणि रक्तांतील ठराविक वाहक त्याला उचलून अस्थिमज्जेकडे नेतात. वाहकांची संख्या मर्यादित असते. एकदम पुष्कळ माल उतरला आणि हमाल थोडे, तर माल रस्त्यांतच पडणार. तसें घडलें म्हणजे चेहरा लाल होतो, मळमळतें, छाती आवळल्यासारखी वाटते, रक्तदाब उतरतो.

आतां या दोन औषधांतला भेद नीट लक्षांत ठेवण्यासारखा आहे, कारण धोक्याचें मूळ येथेंच असतें. आयर्न सुक्रोजचें आवरण सैल, म्हणून त्याची मात्रा लहान. साधारण पद्धति अशी कीं, एका वेळीं २०० मिलिग्रॅम, तेंही मिठाच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर बाटलींत मिसळून, पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासांत थेंबाथेंबानें. मग एक दिवस सोडून पुन्हां. आणि एका आठवड्यांत ६०० मिलिग्रॅमच्या वर नाहीं. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजचें आवरण घट्ट, म्हणून तें वजनाच्या मानानें एका बैठकींत १,००० मिलिग्रॅमपर्यंत देतां येतें, परंतु त्यासही निदान पंधरा मिनिटें लागतात आणि आठवड्यास तेवढीच मर्यादा. दोन्हींचा रंग तांबूस-काळपट, दोन्हींच्या कुप्यांवर लोहाचें नांव. एकाची मात्रा दुसऱ्यास लावली तर अनर्थ ओढवेल. यास्तव कुपीवरचें नांव परिचारिकेनें मोठ्यानें वाचावें आणि दुसऱ्या कोणी तें ऐकून पडताळावें, ही रीति फार चांगली. नातेवाइकांनीं बाजारांतून औषध आणलें असेल तर विशेषच. मिसळण्यास मिठाचेंच पाणी घ्यावें, साखरेचें नव्हे. आणि त्या बाटलींत दुसरें कोणतेंही औषध घालूं नये.

किती लोह लागेल याचाही हिशेब आहे आणि तो चौथीच्या मुलाला करतां येण्याजोगा आहे. रोग्याचें वजन, त्यास हिमोग्लोबिनच्या तुटीनें गुणावें, त्यास २.४ नें गुणावें, आणि शिलकेसाठीं ५०० मिळवावे. समजा, गरोदरपणापूर्वीं ४५ किलो वजन असलेल्या बाईचें हिमोग्लोबिन ७ आहे व तें ११ वर न्यावयाचें आहे. तूट ४. पंचेचाळीस चोक १८०, त्याची २.४ पट ४३२. त्यांत गंगाजळीचे ५०० मिळवले म्हणजे ९३२ मिलिग्रॅम झाले. आयर्न सुक्रोजच्या २०० च्या मात्रेनें हें पुरें करण्यास पांच बैठका पडतील. एक बैठक करून “सुई झाली” म्हणून घरीं बसणारी बाई पंचमांश औषध घेऊन थांबली असें होतें. हा हिशेब करावयाचा डॉक्टरांनीं. तथापि घरच्यांस तो समजला तर पुढल्या फेऱ्या चुकणार नाहींत.

मग सुई कोणास? २०१८ पासून चाललेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या योजनेचा दंडक पाहतां, गरोदर बाईचें हिमोग्लोबिन ११ च्या खालीं असलें कीं तिला पांडुरोग आहे असें समजावयाचें. ७ पर्यंतचा रोग बहुधा गोळ्यांनींच हटतो. रोज दोन गोळ्या घेऊन महिन्यानें रक्त पुन्हां तपासावें. गोळ्या मुळींच सोसत नसतील, घेऊनही आंकडा हलत नसेल, किंवा बाई इतकी उशिरा आली असेल कीं गोळ्यांना वेळच उरला नाहीं, तर शिरेंतून लोह देण्याचा विचार करतात. ७ च्या खालीं तो अधिक तांतडीचा होतो, आणि शेवटच्या तिमाहींत अशा बाईस रुग्णालयांत ठेवणें इष्ट. ५ च्या खालीं गेल्यास लोहाच्या सुईवर विसंबूं नये. तात्काळ भरती करून रक्त चढविण्याची सोय असलेलें ठिकाण गांठावें. लोह म्हणजे विटा. घर बांधण्यास दिवस लागतात. टोचल्यावर आठवड्याभरांत नव्या पेशी दिसूं लागतात आणि आंकडा वर चढण्यास दोनतीन आठवडे जातात. दिवस भरत आल्यावर सुई मागण्यांत अर्थ राहत नाहीं, तो याच कारणानें. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांतून गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी होते. २०१६ पासून हा उपक्रम आहे. लावणी असो कीं कापणी, तो दिवस चुकवूं नये.

पहिल्या तीन महिन्यांत शिरेंतून लोह देत नाहींत. अंगांत ताप किंवा जंतुदोष चालूं असेल तरी थांबतात, कारण लोह जंतूंनाही मानवतें. पूर्वीं अशा सुईनें त्रास झाला होता काय, दमा आहे काय, कोणत्या औषधाचें वावडें आहे काय, हें डॉक्टर विचारतील. न विचारल्यास बाईनें आपण होऊन सांगावें. नव्या सुनेला सासरच्या माणसांदेखत हें बोलण्याचा संकोच वाटतो, आणि माहेरीं झालेला त्रास कोणाच्या कानीं जात नाहीं. परिचारिकेनें तिला घटकाभर एकटें बोलूं द्यावें.

सुई द्यावयाची ती डॉक्टर हजर असतील अशाच ठिकाणीं. पौडच्या ग्रामीण रुग्णालयासारखी जागा त्यासाठीं. घरची ओटी किंवा किराणा दुकानामागची खोली नव्हे. बाटली लावण्यापूर्वीं नाडी व रक्तदाब पाहावा. शेजारीं ॲड्रिनॅलिनची कुपी, प्राणवायु आणि बाटलीचें साधें मिठाचें पाणी तयार असावें. पूर्वीं थोडेंसें औषध आधीं टोचून पाहण्याची चाल होती. त्यानें खोटा धीर येतो. थोड्या मात्रेस कांहीं न झालेल्या माणसासही पुढें त्रास होऊं शकतो. म्हणून युरोपांतील औषधनियामक संस्थेनें २०१३ सालीं ही चाल सोडण्यास सांगितलें, आणि प्रत्येक मात्रेच्या वेळीं, ती पांचवी असली तरी, तितकीच दक्षता घ्यावी व नंतर निदान अर्धा तास रोग्यास नजरेखालीं ठेवावें असें ठरविलें. “आधीं एव्हिलची सुई देऊन टाका” असाही आग्रह कोणी धरतात. त्याची गरज नाहीं. त्यानें सुस्ती येते, रक्तदाब उतरतो आणि खरी प्रतिक्रिया कोणती हेंच कळेनासें होतें.

औषध जात असतां बाई स्वस्थ पडून असावी. सुईच्या जागीं आग झाली, सूज आली, तर लगेच हांक मारावी. शिरेबाहेर निसटलेल्या या औषधानें कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनेच्या महिने, कधीं कायमचा राहतो. खाज, पित्त उठणें, ओंठ सुजणें, श्वास कोंडणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें, यांपैकीं कांहीं वाटलें कीं न लाजतां सांगावें. बाटली त्या क्षणीं बंद झाली पाहिजे. नुसता चेहरा लाल होऊन छाती किंचित् भरल्यासारखी झाली आणि रक्तदाब ठीक असला तर तें बहुधा थोड्या वेळांत आपोआप शमतें. परंतु हा निवाडा डॉक्टरांनीं करावयाचा. एक गोष्ट अगदीं आवर्जून सांगावीशी आहे. बाटलीखालच्या नळीवर एक लहान चक्री असते. ती फिरविली कीं थेंब जलद पडतात. शेवटची एस. टी. चुकेल म्हणून सोबतीचा माणूस ती चक्री हळूच सैल करतो! अर्ध्या तासाचें औषध पांच मिनिटांत गेलें तर वर सांगितलेल्या हमालांची काय गत होईल याचा त्यानें विचार करावा. गाडी चुकली तर दुसरी मिळेल.

स्वच्छतेविषयीं हाफकिन संस्थेच्याच इतिहासांतला एक दुःखद प्रसंग सांगण्याजोगा आहे. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ लोकांना प्लेगची लस टोचण्यांत आली. त्यांतील एकाच बाटलीची लस मिळालेले १९ लोक धनुर्वातानें मेले. लस परळला तयार झालेली. दोष हाफकिन साहेबांच्या माथीं आला आणि त्यांना पद सोडावें लागलें. पुढें चौकशींत दिसलें कीं, बाटली उघडतांना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करतां तसाच वापरण्यांत आला. १९०७ सालीं हाफकिन निर्दोष ठरले. तीं १९ माणसें मात्र गेलीं तीं गेलींच. आज सुई व नळी एकदां वापरून टाकून देण्याची आहे, हें मोठें सुख. तरीही उघडलेली कुपी उद्यांसाठीं ठेवणें, उरलेलें औषध दुसऱ्या बाईला देणें, असल्या काटकसरी अजून ऐकूं येतात. त्या तिथल्या तिथें हाणून पाडाव्या.

मूत्रपिंडाच्या जुनाट दुखण्यानें येणाऱ्या पांडुरोगाची सुई निराळीच असते. तिचें नांव एरिथ्रोपोएटिन. ती कातडीखालीं देतात किंवा डायलिसिसच्या वेळीं शिरेंतून. ती २ ते ८ अंश उष्णमानांत, म्हणजे शीतपेटीच्या खालच्या कप्प्यांत ठेवावयाची. बर्फ करावयाचा नाहीं, हालवावयाची नाहीं. तिनें रक्तदाब वाढूं शकतो, आणि रक्ताचा आंकडा निरोगी माणसाइतका नेण्याचा हट्ट धरला तर रक्तवाहिन्या तुंबण्याचें भय असतें. गरोदर बाईच्या साध्या पांडुरोगाशीं या सुईचा संबंध नाहीं. नांवांचा घोंटाळा होऊं नये म्हणून येथें उल्लेख केला.

सुई घेऊन घरीं आल्यावर एकदोन दिवस अंग दुखणें, कणकण येणें, सांधे धरणें असा किरकोळ त्रास कोणाकोणास होतो. श्वासाचा त्रास किंवा तोंडावर सूज असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. लोहाच्या गोळ्या सुईच्या दिवसांत बंद ठेवून, शेवटच्या बैठकीनंतर डॉक्टर सांगतील त्या दिवशीं पुन्हां सुरू कराव्या, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस चालूं ठेवाव्या. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. चहाबरोबर घेतली तर चहा तिचें लोह बांधून ठेवतो. जेवणावर लगेच चहा पिण्याची सवय या बाबतींत फार वाईट. पालेभाजी, नाचणी, कडधान्यें, ज्यांना चालतें त्यांना सुकट व काळीज, हें सर्व हवेंच. जंताची गोळी पहिली तिमाही संपल्यावर एकदां घ्यावी आणि खाचरांत शक्य तोंवर पायांत कांहीं घालावें.

माता व बाल संरक्षण कार्डावर औषधाचें नांव, मिलिग्रॅम आणि तारीख लिहून घ्यावी. मुळशींतून पुण्यास हलविलेल्या बाईजवळ हें कार्ड नसेल तर तेथील डॉक्टर पुन्हां पहिल्यापासून हिशेब करतील, आणि अगोदर दिलेलें लोह दुसऱ्यांदा दिलें जाण्याचा संभव राहील. शेवटच्या सुईनंतर चार आठवड्यांनीं रक्त पुन्हां तपासावें. आंकडा वर आला असेल तर ठीकच. आला नसेल तर आणखी एक सुई मागूं नये, कारण विचारावें. मात्रा अपुरी पडली काय, मूळव्याधीवाटे किंवा जंतांमुळें रक्त जात आहे काय, ब-१२ चा तुटवडा आहे काय, थॅलेसेमियाची तपासणी झाली आहे काय, आणि झाली असल्यास तो कागद कोठें आहे.